गाडीचा डावा की तुमचा डावा?

ज्या दिवशी ऑफिसात दुरुस्तीसाहेबांना डावललं गेलं, नेमक्या त्याच संध्याकाळी गाडीचा डावा इंडिकेटर लागत नसल्याची बातमी त्यांच्या कानावर पडली. याला कुणी योगायोग म्हणेल. साहेबांनी ती दैवाने केलेली थट्टा मानली, आणि थट्टा म्हटली की ती मनाला लावून घ्यायची हा त्यांचा स्वभाव होता.

साहेबांचा शब्दांवर फार जीव. आपल्या भाषेने डाव्या बाजूचं कधीच भलं केलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माणूस चांगला निघाला की तो उजवा ठरतो, आणि त्याला बाजूला सारायचं असलं की त्याला डावलतात. सेवाज्येष्ठतेच्या यादीत साहेबांचं नाव सगळ्यात वर होतं. कक्षप्रमुखाची खुर्ची मात्र ज्याला त्यांनी अर्जावर शिक्का कुठे मारायचा इथपासून शिकवलं होतं, त्या पोराच्या बुडाखाली गेली. वर तो केबिनमधून बाहेर येऊन म्हणाला, "सर, तुमचेच आशीर्वाद." आणि साहेबांना चारचौघांत ते द्यावेही लागले.

दुरुस्तीसाहेब हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलं होतं, आणि त्यात एक गैरसमज होता. साहेब नोंदणीच्या ऑफिसात 'दुरुस्ती कक्षा'त बसायचे. तिथे लोकांच्या नावातल्या, पत्त्यातल्या, जन्मतारखेतल्या चुका दुरुस्त होत. पेनाशिवाय दुसरं अवजार साहेबांनी कधी हातात धरलं नव्हतं. कक्षाची एक खास पद्धत होती: चुकीचं पान काढून फाडायचं, नवं पान घालायचं, आणि दुरुस्ती झाली की चूक कधी नव्हतीच असं धरायचं. अमुक वर्षं माझं नाव चुकीचं होतं असं कुणी म्हणालाच, तर साहेब त्याला नवं पान दाखवून शांतपणे विचारायचे, "कुठे आहे चूक? दाखवा." आजवर कुणालाही ती दाखवता आलेली नव्हती.

तर त्या संध्याकाळी साहेब बूट काढत असताना वहिनी म्हणाल्या, "अहो, गाडीचा डावा दिवा लागत नाहीये." साहेबांच्या बायकोला सगळी बिल्डिंग वहिनी म्हणते, आपणही तेच म्हणू. "गुरुवारी माझी परीक्षा आहे. शिकवणारे मास्तर म्हणाले, आता घरचीच गाडी न्यावी लागते, आणि दिवे धड नसले तर परीक्षा घेतच नाहीत. उद्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात टाकून येते."

या परीक्षेमागे वहिनींची थोरली बहीण होती. ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. बाथरूममध्ये घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की व्यायामाच्या केंद्रात नियमित न्या, नाहीतर पाय कायमचा आखडेल. "मी नेईन की," साहेब म्हणाले होते. पहिल्या खेपेला ऑडिट निघालं, दुसऱ्या खेपेला पाठ धरली, तिसऱ्या खेपेला वहिनींनी विचारलंच नाही. त्यांनी गुपचूप ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. घरात येऊन त्या पोळपाटाच्या कडेवर पाय ठेवून क्लचचा सराव करायच्या, आणि साहेब पेपराआडून ते बघायचे.

"गॅरेज कशाला?" साहेब म्हणाले. "एक दिवा तर आहे. मी करतो."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ऑफिसात काय झालं ते त्यांना त्यांच्या बूट काढण्यावरूनच कळलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमत असेल तर उत्तमच."

या 'बरं'बद्दल थोडं सांगायला हवं. साहेबांचे वडील प्रत्येक निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक लांब धरून म्हणायचे, "काय दिवे लावलेत बघू." पुढे तेच वाक्य मामाने म्हटलं, मग वरिष्ठांनी म्हटलं, मग शहाण्या झालेल्या भावांनी म्हटलं. वहिनींनी ते आजवर एकदाही उच्चारलेलं नव्हतं. साहेबांनी भिंतीत ठोकलेला खिळा तीनदा पडला तेव्हाही नाही. संसारात साहेबांची स्वतःची म्हणावी अशी कमाई तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक दुरुस्ती' असं लिहिलं आणि नव्या कक्षप्रमुखाला ती मंजूर करायला लावली. मग ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"इंडिकेटरचा बल्ब द्या. डाव्या बाजूचा."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बल्बला डावं-उजवं नसतं साहेब. पुढचा की मागचा?"

"दोन्ही द्या," साहेब म्हणाले, कारण नेमका कोणता गेलाय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"आणि बसवताना नीट बघा. गाडीचा डावा आणि तुमचा डावा यात फरक असतो."

साहेबांना हे बोलणं उद्धट वाटलं. ज्याने जन्मभर लोकांच्या चुका काढल्या त्याला डावं-उजवं शिकवणारा हा कोण? याच रागात ते घरी आले, गाडीच्या नाकासमोर उभे राहिले, आपल्या डाव्या हाताचा दिवा निवडला आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली. दुकानदाराचं म्हणणं दुसऱ्या स्क्रूपाशी त्यांच्या लक्षात आलं असतं. पण तेवढ्यात काचेचा कान तुटला, आणि सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं.

साहेबांनी नवा बल्ब बसवला, काच चिकटपट्टीने जागेवर बांधली, आत बसून इंडिकेटरची दांडी खाली ओढली आणि बाहेर येऊन पाहिलं. काही नाही. दांडी वर करून पाहिलं. आता तिकडेही काही नाही. म्हणजे सकाळपर्यंत निदान एक बाजू चालत होती, ती दुरुस्तीने बंद पडली होती.

वरच्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले बाल्कनीतून दात घासत बघत होते. "आता कसं बरोबर झालं," ते म्हणाले. "दोन्ही बाजू सारख्या. भेदभाव नको."

"तुम्ही चूळ भरा आधी," साहेब म्हणाले.

इन्शुरन्सवाल्यांनी चूळ भरली आणि ते खालीच आले. त्यांना गाड्यांतलं कळतं असा त्यांचा समज होता, कारण फुटलेल्या गाड्यांचे फोटो ते रोज बघायचे. चाललेली गाडी त्यांच्या कामात येत नसे. त्यांनी बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "दोष बल्बात नाही. दोष आत आहे." डॉक्टर जसे रोग्यासमोर बोलायचं टाळतात तसं ते गाडीपासून चार पावलं लांब जाऊन बोलले.

इतक्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात कागद होता, आणि त्यांच्या हातात कागद असला की कुणाचं तरी काहीतरी बंद व्हायचं असायचं. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे," त्यांनी वाचून दाखवलं. "नोटीस लावलेली आहे. परवानगीसाठी अर्ज करा. समितीची बैठक पुढच्या महिन्यात."

आता इथे साहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांची नजर कागदावर गेली आणि हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. "सक्त मधला क जोडायचा असतो," ते म्हणाले, आणि सेक्रेटरींच्या हातातल्या नोटिशीवर, सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत, त्यांनी ती चूक दुरुस्त केली. जाता जाता 'वाहनदुरूस्ती'मधला दीर्घ रू ऱ्हस्व केला.

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "गाडी बाहेर काढा."

गाडी बाहेर निघाली. फाटकापाशी वॉचमनने विचारलं, "साहेब, कोणत्या बाजूला वळणार?" कारण दिवे नव्हते आणि त्याला मागच्या गाड्या थांबवायच्या होत्या. साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवलं. त्या हातावर समोरून येणाऱ्या स्कूटरचा आरसा घासून गेला. अशा रीतीने दुरुस्तीचं ठाणं कचऱ्याच्या डब्यांशेजारी हललं, आणि पुढचे काही दिवस साहेब ऑफिसातून सुटले की त्या वासात उभे राहून गाडीशी झुंजू लागले.

येणारा-जाणारा सल्ला देत होता. कुणी फ्यूज बघायला सांगितला, तो बघताना वायपर सुरू झाले ते बंद होईनात. कुणी म्हणालं बॅटरीची तार काढून परत लावा. लावल्यावर रेडिओने आपला संकेतांक मागितला, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे रेडिओ कायमचा गेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बराच वेळ बघून सांगितलं, "आमच्या वेळी गाडीला दिवेच नव्हते." आणि ते निघून गेले. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मेकॅनिक दोनदा तिथून गेला, दोन्ही वेळा त्याने मान वळवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा साहेब चाकाआड बसले.

वहिनी संध्याकाळी थर्मास घेऊन यायच्या. "होतंय का हो?" त्या विचारायच्या. "नसेल होत तर अजून वेळ आहे, गॅरेजवाला..."

"झालंच आहे," साहेब म्हणायचे. "शेवटचा हात राहिलाय."

मंगळवारी इन्शुरन्सवाल्यांनी अखेर निदान जाहीर केलं. दोष दांडीच्या मुळाशी. स्टिअरिंगखालचं झाकण उघडा, दांडीत येणाऱ्या तारा काढा, घासून पुसून परत लावा. साहेबांनी झाकण उघडलं. आत डझनभर तारा होत्या, पण इंडिकेटरच्या दोनच: एक हिरवी, आणि एक हिरवीवर पांढरी रेघ असलेली. एकीच्या टोकावर खरंच हिरवट बुरशी चढली होती.

"काढण्याआधी फोटो काढून ठेवा," इन्शुरन्सवाले म्हणाले. "सवय म्हणून सांगतो."

"दोन तारांचा फोटो?" साहेब म्हणाले. "अहो, अख्खा दुरुस्ती कक्ष माझ्या स्मरणशक्तीवर चालतो."

तारा निघाल्या. त्या घासताना साहेबांचा कोपर हॉर्नवर पडला आणि हॉर्न अडकला. तो असा वाजू लागला की बिल्डिंगच्या सगळ्या बाल्कन्या भरल्या. पहिल्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठलं, त्याची आजी बाहेर आली, सेक्रेटरी कानात बोटं घालून खाली आले. साहेब स्टिअरिंगखाली उताणे, पाय दाराबाहेर, एका हातात तारा, दुसऱ्या हाताने फ्यूज शोधतायत, आणि वरून कुणीतरी, नेमकं कोण ते कधी कळलं नाही, मोठ्याने म्हणालं, "काय दिवे लावलेत!" सगळी बिल्डिंग हसली. साहेबांना स्टिअरिंगखाली वडिलांचा आवाज ऐकल्यासारखं झालं. त्यांनी हाताला लागेल तो फ्यूज उपटला. हॉर्न थांबला. त्यांनी दाताने ओठ चावत दोन्ही तारा होत्या त्या जागी, म्हणजे त्यांना ज्या जागी वाटल्या त्या जागी, खुपसल्या.

मग त्यांनी दांडी ओढली. समोरच्या पट्टीवरचा हिरवा दिवा टकटक करू लागला.

गाडी जुनी होती. नव्या गाड्यांत डाव्याला डावा बाण लागतो, उजव्याला उजवा. हिच्यात दोघांना मिळून एकच हिरवा ठिपका होता. तो लागला म्हणजे काहीतरी लागलं, एवढंच आत बसलेल्याला कळायचं.

"लागला! लागला!" बाहेरून इन्शुरन्सवाले ओरडले. साहेबांनी दांडी उलटी केली. "हाही लागला!" कोणता लागला हे त्यांनी सांगितलं नाही, आणि साहेबांनी विचारलं नाही. इतक्या दिवसांनी काहीतरी लागलं होतं. वहिनी थर्मास घेऊन धावत आल्या. "जमलं की हो तुम्हाला!" त्या म्हणाल्या, आणि भर रस्त्यात, कचऱ्याच्या डब्यांसमोर, त्यांनी साहेबांच्या शर्टावरची काजळी पदराने पुसली. साहेबांना खुर्ची मिळाली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

बुधवारी साहेब गाडी ऑफिसला घेऊन गेले. रस्त्यावरच्या लोकांची शिस्त फारच ढासळली आहे असं त्यांना त्या दिवशी जाणवलं. वळावं तिथे मागचा माणूस अंगावर येत होता. एकाने तर काच खाली करून विचारलं, "काका, नक्की जायचंय कुठे?" साहेबांनी त्याला सभ्यतेवर चार शब्द ऐकवले.

त्याच संध्याकाळी ते ताईची औषधं घ्यायला दुकानापाशी थांबले. दुकानाला खालपासून वरपर्यंत काच होती आणि गाडीचं नाक तिच्यासमोर होतं. आत दिवे कमी होते, त्यामुळे काचेत गाडी स्वच्छ दिसत होती. आपली कामगिरी डोळे भरून बघावी म्हणून साहेबांनी इंडिकेटर लावला. डावा. काचेत मात्र साहेबांच्या उजव्या हाताकडचा दिवा टकटकू लागला.

साहेब क्षणभर थांबले. मग हसले. काच म्हणजे आरसा, आणि आरशात डावं-उजवं उलट दिसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. काचेत उलट दिसतंय म्हणजे बाहेर सुलट आहे. त्यांना आपल्याच हुशारीचं कौतुक वाटलं. गाडी मागे घ्यायला त्यांनी गिअर टाकला आणि उगीचच, काही कारण नसताना, डावा हात वर केला. काचेतल्या माणसाचा हात डावीकडेच वर झाला. दिवा टकटकत होता उजवीकडे.

साहेबांनी हात खाली घेतला.

कळलं होतं. रोज आरशासमोर दाढी करणाऱ्या माणसाला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण कळलं म्हणजे घरी जाऊन सांगायला हवं, की तारा उलट्या लागल्यात. मग रात्र पडायच्या आत पुन्हा झाकण उघडायला हवं, किंवा गॅरेजवाल्यापुढे गाडी नेऊन उभी करायला हवी. मग 'जमलं की हो तुम्हाला' हे परत द्यायला हवं. आरशात उलट दिसतं, असं त्यांनी स्वतःला आणखी एकदा सांगितलं, आणि घरी येऊन ते लवकर झोपले.

परीक्षा एका मोकळ्या मैदानावर होती. चुन्याने आखलेले रस्ते, मधे मधे डबे ठेवलेले. परीक्षक गाडीत बसत नव्हते. ते एका उंच चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि कर्ण्यातून हुकूम द्यायचे. कुंपणाबाहेर नवरे, भाऊ, बाप ओळीने उभे होते. साहेबही उभे राहिले. वहिनींनी जाताना मनगटातलं घड्याळ घट्ट केलं आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला.

त्यांनी गाडी इतकी सुरेख काढली की परीक्षकही 'छान' म्हणाले, आणि ते कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू गेलं. मग कर्णा म्हणाला, "डावीकडे वळा."

उजवा दिवा टकटकू लागला.

"बाई, डावीकडे!"

वहिनींनी दांडी परत जागेवर घेतली आणि परत डावीकडे ओढली. उजवा दिवा.

"अहो बाई, डावा! ज्या हाताने लिहिता त्याच्या दुसरा!"

कुंपणाबाहेर हशा पिकला. गाडी मधोमध थांबली. काचेतून वहिनी दिसत होत्या: त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, स्वतःवर भरवसा न ठेवता दांडी उजवीकडे केली. डावा दिवा लागला.

"हां! आता कळलं!" कर्णा म्हणाला.

त्यानंतर वहिनींना काहीच कळेनासं झालं. कर्णा उजवीकडे म्हणाला तेव्हा त्यांनी डावीकडे वळवली, डब्याला धक्का लागला, गाडी बंद पडली. साहेबांनी तोंड उघडलं होतं. कुंपण कमरेएवढं होतं, चौथरा चार ढांगांवर होता. 'तारा उलट्या आहेत' हे तीनच शब्द होते. शेजारचा माणूस कोपराने ढोसून म्हणाला, "यांना स्टिअरिंग देतं कोण, हेच कळत नाही." आणि साहेब, का ते देव जाणे, थोडंसं हसले.

"डावं-उजवं पक्कं झाल्याशिवाय परत येऊ नका," कर्ण्याने निकाल दिला.

येताना साहेबांनी गाडी चालवली. वळताना त्यांनी एकदाही इंडिकेटर लावला नाही. वहिनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी ताईला फोन लावला. "नाही गं जमलं," त्या हसत म्हणाल्या. "मला म्हणे डावं-उजवंच कळत नाही. या वयात शोध लागला बघ." पलीकडून ताई काहीतरी बोलली. "तू रिक्षाने जात जा थोडे दिवस," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाल्या, "अगं, दुखतंय म्हणून बंद करून कसं चालेल?"

ताईने व्यायाम बंद केलाच. रिक्षातल्या धक्क्यांनी तिचा जीव जायचा. आणि घरात वहिनींना एक नवी खोड लागली. कुणी डावीकडचा कप्पा म्हटलं, डाव्या हाताची खोली म्हटलं, की त्या आधी घड्याळ बघायच्या. घड्याळ ज्या मनगटात तो डावा. एकदा डावीकडचा मिठाचा डबा मागितला तर त्या ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. साहेबांना ते बघवेना. त्या दिवसांत त्यांना अन्न गोड लागलं नाही, आणि हे कुणाला सांगता येईना, हे जास्त वाईट होतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, सांगायचं. पण आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं. चूक कबूल करायची तर ती दुरुस्त करूनच करावी, यात एक शोभा असते, असं त्यांना वाटलं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

रविवारी सकाळी बिल्डिंग उठायच्या आत ते खाली गेले. या वेळी त्यांनी झाकणाचा एकही स्क्रू हरवला नाही. सल्ला द्यायला कुणी नव्हतं. हिरवी तार काढली, पांढऱ्या रेघेची काढली, अदलाबदल केली, दाबून बसवली, झाकण लावलं. मग इंडिकेटर लावून, बाहेर येऊन, गाडीच्या मागे गाडीच्याच दिशेला तोंड करून उभं राहून पाहिलं. डाव्याला डावा. उजव्याला उजवा. हॉर्न वाजला नाही, वायपर हलले नाहीत. साहेबांनी आयुष्यात केलेलं हे पहिलं निर्दोष काम होतं.

वर येऊन ते वहिनींसमोर बसले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ऐक. त्या दिवशी चूक तुझी नव्हती. तारा उलट्या लागल्या होत्या. माझ्या हातून."

वहिनींचे हात थांबले. "खरंच?" त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात इतकी आशा होती की साहेबांना वाटलं, आजवर का नाही बोललो.

"खरंच. चल, दाखवतो तुला."

जिना उतरताना, दुसऱ्या वळणावर, साहेबांच्या लक्षात आलं की दाखवायला आता काहीच नाही.

वहिनी गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. साहेबांनी दांडी ओढली. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं, मग दिव्याकडे. "डावा," त्या म्हणाल्या. साहेबांनी दांडी उलटी केली. घड्याळ, दिवा. "उजवा." मग त्या पुढे येऊन दाराशी उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरची आशा निघून गेली होती.

"बरोबर तर लागतायत."

"आता लागतायत. मी मघाशी बदलल्या तारा."

"मघाशी?"

"हो. हवं तर परत उलट्या करून दाखवतो."

"आणि मग म्हणाल, बघ, उलट्या होत्या." वहिनी हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "अहो, इन्शुरन्सवाले बाहेर उभे होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी ऑफिसला नेलीत. दिवे उलटे असते तर तुम्हाला कळलं नसतं?"

याला उत्तर होतं. औषधाचं दुकान होतं, काच होती, वर केलेला हात होता. कळलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर वहिनींनी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला असता, आणि मग पुन्हा कशावरच ठेवला नसता.

"आरशात..." साहेब म्हणाले.

"काय आरशात?"

"काही नाही."

वहिनींनी खिडकीतून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "माझं मन राखायला खोटं नका बोलू. तुम्हाला नाही जमत ते. इतके दिवस कचऱ्यात उभं राहून तुम्ही माझ्यासाठी दिवे लावलेत, त्यात मी खोट काढीन का? मला नाही कळत डावं-उजवं, नाही तर नाही. काय बिघडलं?"

दिवे लावलेत. त्यांनी ते वाक्य अखेर म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटलं होतं. साहेबांना खाली मान घालायलाही जागा उरली नाही.

"चला, ताईकडे जाऊन येऊ," वहिनी म्हणाल्या आणि बाजूच्या सीटवर येऊन बसल्या. परीक्षेचं पुस्तक त्यांनी आदल्या दिवशीच रद्दीत टाकलं होतं. "तुम्ही नेता म्हणालात तर ती उद्यापासून परत जाईल व्यायामाला. नेणार ना?"

"नेईन," साहेब म्हणाले. सोमवारी ऑडिट होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

फाटकापाशी वॉचमनने हात वर करून मागच्या गाड्या थांबवल्या आणि विचारलं, "कोणत्या बाजूला, साहेब?" साहेबांच्या आधी वहिनींनीच मनगट वळवून घड्याळ पाहिलं, खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "डावीकडे."